खचणारी घरे आणि मिठाचा हिशेब

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात नॉर्थविच नावाचे एक लहान शहर आहे. तेथील मुख्य रस्त्यावर काळ्या लाकडी पट्ट्यांची आणि पांढऱ्या भिंतींची दुमजली-तिमजली घरे ओळीने उभी दिसतात. नवख्या प्रवाशाला ती सोळाव्या शतकातील वाटावीत अशीच आहेत. प्रत्यक्षात त्यांतील बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी बांधलेली आहेत. जुन्या शैलीची हौस हे त्यामागचे एक कारण खरे. पण त्याहून मोठे कारण असे की, त्या जमिनीवर विटांचे घर टिकत नव्हते. आणि लाकडी सांगाड्याचे घर खचले तर ते जॅक लावून पुन्हा वर उचलता येत होते.

या गावाची हकीकत वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत एखाद्या परिच्छेदात आढळते. प्रशासनाच्या इतिहासात मात्र तिला अधिक जागा मिळायला हवी असे मला वाटते. घर खचले तर दुरुस्त कसे करायचे, हा प्रश्न अभियंते सोडवू शकतात. पण ज्याने घर बांधताना काही चूक केली नाही, त्याच्या घराचा पाया दुसऱ्याच्या उद्योगामुळे खचला आणि तो दुसरा नेमका कोण हे कोणालाच सिद्ध करता येत नसेल, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा? या प्रश्नाला ब्रिटिश संसदेने १८९१ साली एक उत्तर दिले. त्या गावाच्या पोटातून निघालेल्या मिठाचा मोठा ग्राहक बंगाल होता, म्हणून ही हकीकत थोडीशी आपलीही आहे.

आधी थोडे घराविषयी. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण मुंबईच्या जुन्या चाळींत गेले त्यांना झोल पडलेली जमीन आणि तिला खालून दिलेले लाकडी टेकू चांगले आठवत असतील. तेथे बहुधा पाया शाबूत असतो. कुजतात त्या मजल्याच्या लाकडी तुळया, विशेषतः मोरीजवळच्या आणि भिंतीत घुसलेल्या टोकांच्या. तुळईचे टोक बदलले किंवा तिला लोखंडी जोड दिला की जमीन पुन्हा सरळ होऊ शकते. पाया खचणे हे वेगळे दुखणे आहे. सगळे घर एकसारखे खाली गेले तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा जातो आणि दुसरा जात नाही तेव्हा भिंती फाटतात. विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीने तिरपी चढणारी भेग, अडकू लागलेले दार, गोट्या एका बाजूला घरंगळणारी फरशी ही त्याची लक्षणे. स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या दोघा अभियंत्यांनी १९५६ साली प्रत्यक्ष इमारतींच्या नोंदींवरून दाखवून दिले की, ३०० सेंटिमीटर अंतरात सुमारे १ सेंटिमीटरचा फरक पडला की भिंतींना तडे जाऊ लागतात, आणि त्याच्या दुप्पट फरक पडला की इमारतीचा सांगाडाच धोक्यात येतो. विटांच्या घराची सहनशक्ती इतकी थोडी असते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे अंडरपिनिंग. जुन्या पायाखाली एकाआड एक, सुमारे मीटर-दीड मीटर रुंदीचे खड्डे घ्यायचे, खालच्या टणक थरापर्यंत जायचे, तेथून वर नवे बांधकाम आणून जुन्या पायाला भिडवायचे. मग मधले खड्डे घ्यायचे. काम संथ, खर्चिक, पण खात्रीचे. त्यात एक गृहीतक मात्र आहे: खाली कोठेतरी टणक थर असला पाहिजे. नॉर्थविचमध्ये नेमका तोच नव्हता.

या गावाजवळ मार्बरी येथे १६७० साली कोळशाचा शोध घेताना सैंधवाचा, म्हणजे दगडी मिठाचा थर सापडला. पुढची शंभर वर्षे हा वरचा थर खणला गेला. १७८१ च्या सुमारास त्याखाली दुसरा, अधिक शुद्ध थर हाती लागला आणि वरच्या खाणी सोडून देण्यात आल्या. छताला आधार म्हणून मिठाचेच खांब ठेवण्याची रीत होती, आणि लोभापायी हे खांब बारीक ठेवले जात. कोळशाच्या खाणीत पाणी शिरले तर कोळशाचा खांब विरघळत नाही. मिठाचा विरघळतो. सोडून दिलेल्या खाणींत गोडे पाणी शिरले, खांब झिजू लागले, आणि छते कोसळून जमिनीवर नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे पडले, त्यांची तळी झाली.

येथपर्यंत हा खाणमालकांच्या निष्काळजीपणाचा इतिहास होता. पुढचा अध्याय अधिक गुंतागुंतीचा आहे. मीठ खणण्यापेक्षा खारे पाणी उपसून ते कढयांत आटवणे स्वस्त पडे. भूगर्भातील पाणी मिठाच्या थराच्या माथ्यावरून वाहताना संपृक्त होते. ते पंपाने वर काढले की त्याच्या जागी नवे गोडे पाणी येते आणि थराचा आणखी काही भाग खाते. बुडालेल्या खाणींतूनही असेच पाणी उपसले जाऊ लागले, म्हणजे उरलेसुरले खांबही पंपातून बाहेर निघाले. पंप एका ठिकाणी, आणि जमीन खचते ती दुसऱ्याच ठिकाणी, कधी मैल-दोन मैल अंतरावर. कारण पाणी आपल्या वाटेने येते आणि त्या वाटेवर मीठ खात येते.

याचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक लहान हिशेब मांडतो. १,००० इंग्लिश गॅलन म्हणजे सुमारे ४,५०० लिटर. संपृक्त खाऱ्या पाण्यात दर लिटरमागे तीनशे ग्रॅमहून थोडे अधिक मीठ असते. म्हणजे १,००० गॅलन उपसले की साधारण १.४ टन मीठ वर आले आणि भूगर्भात दोन-तृतीयांश घनमीटर पोकळी झाली. एका कपाटाएवढी जागा. असे हजारो गॅलन रोज, अनेक पंपांतून, अनेक दशके.

मग हे मीठ जात कोठे होते? बरेचसे लिव्हरपूल बंदरातून जगभर, आणि त्यातील फार मोठा वाटा कलकत्त्याला. बंगालच्या किनाऱ्यावर, तामलूक-हिजलीच्या बाजूस, मलंगी लोक समुद्राचे पाणी आटवून मीठ करीत. त्या मिठावर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. ती मोडावी आणि आपल्या मालाला मोकळी वाट मिळावी यासाठी चेशायरच्या मीठवाल्यांनी वर्षानुवर्षे संसदेत खटपट केली. भारतातून अवजड माल आणायला निघालेल्या जहाजांना जाताना भार हवाच असे. मीठ हा भार सोयीचा होता आणि त्यामुळे भाडेही कमी पडे. १८६३ च्या सुमारास बंगालमधील सरकारी मीठ-उत्पादन बंद झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालच्या मिठाचा मोठा भाग इंग्लंडहून येत होता. तामलूकचा मलंगी बेकार झाला आणि नॉर्थविचच्या दुकानदाराची भिंत फाटली, ही एकाच व्यापाराची दोन टोके होत. पहिल्याची भरपाई कोणी केली नाही. दुसऱ्याची झाली, ती कशी हे पाहण्यासारखे आहे.

१८७३ साली खाणींचे निरीक्षक जोसेफ डिकिन्सन यांनी मीठ-प्रदेशातील भूस्खलनांवर सरकारला अहवाल दिला. कारण काय आहे याविषयी तेव्हापासून जाणकारांना फारशी शंका उरली नव्हती. १८८० च्या डिसेंबरात गावाच्या ईशान्येस मोठी जमीन कोसळली. विंचॅम ओढ्याचे पाणी भूगर्भात शिरले, खाणींत कोंडलेली हवा ठिकठिकाणी चिखलाचे फवारे उडवीत बाहेर पडली. एवढे होऊनही १८८१ साली आलेले नुकसानभरपाईचे विधेयक संमत होऊ शकले नाही. अडचण कायद्याच्या मुळाशी होती आणि ती आपल्याही कायद्यात आली आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

इंग्लिश कायद्यानुसार जमिनीच्या पृष्ठभागाच्या मालकाला खालच्या थरांचा आधार मिळण्याचा हक्क आहे. १८५० च्या हम्फ्रीज विरुद्ध ब्रॉगडेन या खटल्यात हे स्पष्ट झाले. शेजाऱ्याने किंवा खाणमालकाने घन पदार्थ खणून काढला आणि तुमची जमीन खचली, तर दाद मागता येते. पण पाण्याची गोष्ट निराळी. भूगर्भात ठरावीक प्रवाहाविना झिरपणारे पाणी कोणाच्याच मालकीचे नाही. ज्याच्या जमिनीत ते हाती लागेल त्याने ते हवे तेवढे उपसावे. १८६९ साली पॉपलवेल विरुद्ध हॉजकिन्सन या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, शेजाऱ्याने दलदलीतील पाणी काढून टाकल्यामुळे तुमची घरे खचली तरी तक्रार चालणार नाही, कारण पाण्याच्या आधाराचा हक्क असा काही नसतो. मग खारे पाणी हे काय? पाणी की मीठ? १९०६ साली मीठ-व्यवसायातील बलाढ्य सॉल्ट युनियनने ब्रुनर-माँड या रसायन कंपनीवर, आमच्या थरातील मीठ तुम्ही पाण्यावाटे ओढून नेता, म्हणून दावा लावला आणि तो हरली. जेथे सॉल्ट युनियनला न्याय मिळाला नाही तेथे कोपऱ्यावरच्या खाटकाला काय मिळणार होता? आणि न्यायालय अनुकूल असते तरी पुराव्याचे काय? पंप अनेक, पाणी एक. माझ्या दुकानाखालचे मीठ कोणत्या कारखान्याच्या कढईत आटले हे कोण सिद्ध करणार?

१८९१ च्या कायद्याचे नाव लांबलचक आहे, खारे पाणी उपसल्याने होणाऱ्या भूस्खलनाच्या नुकसानभरपाईचा कायदा. पण त्याची कल्पना अगदी साधी. दोषी कोण हे शोधण्याचा नादच सोडून द्यावा. खचणाऱ्या प्रदेशाचा एक भरपाई-जिल्हा आखावा, त्यावर एक मंडळ नेमावे, आणि त्या जिल्ह्यात खारे पाणी उपसणाऱ्या प्रत्येकाकडून उपशाच्या प्रमाणात पट्टी घ्यावी. कमाल दर १,००० गॅलनांना ३ पेन्स. त्या निधीतून घरमालकांना भरपाई मिळावी. घरमालकाने एवढेच दाखवायचे की घर या जिल्ह्यात आहे आणि खचण्याचे कारण उपसा हे आहे. कोणाचा उपसा, हे विचारले जाणार नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला पिगू शिकवला गेला. एकाच्या उत्पादनाचा भार तिऱ्हाइतावर पडत असेल तर त्या भाराएवढा कर उत्पादकावर बसवावा, हा त्याचा विचार १९२० च्या ग्रंथात आहे. कोसचा सुप्रसिद्ध निबंध १९६० चा. त्यात तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या इंग्लिश खटल्यांचीच उदाहरणे आहेत. नॉर्थविचचा कायदा पिगूच्या आधी २९ वर्षे झाला, आणि तो घडवणाऱ्यांपैकी कोणाला आपण काही सिद्धांत मांडतो आहोत असे वाटले नसावे. तथापि त्याला पिगूचा कर म्हणणे मला मान्य नाही. वरच्या हिशेबाने ३ पेन्सची पट्टी एका टन मिठामागे जेमतेम दोन पेन्स पडते. एवढ्याने कोणी उपसा कमी केला नसता आणि केलाही नाही. हा एक सक्तीचा सामायिक विमा होता. पोकळी वाढत राहणार हे गृहीत धरून, तिच्यावरचे घर दुरुस्त होत राहील एवढीच व्यवस्था त्याने केली.

या कायद्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत त्या मतदारसंघाचे खासदार जॉन ब्रुनर होते. हेच ब्रुनर-माँड कंपनीचे एक संस्थापक, म्हणजे स्वतः खाऱ्या पाण्याचे मोठे गिऱ्हाईक. १८८८ साली साठांहून अधिक मीठ-कंपन्या एकत्र येऊन सॉल्ट युनियन झाली होती आणि तिचा विरोध होता. ब्रुनर यांनी १८८५ साली गावाला दिलेली ग्रंथालयाची इमारत पुढे खचल्याने निकामी झाली. तिच्या जागी १९०९ साली नवी उभी राहिली, ती लाकडी सांगाड्याची.

आता पुन्हा घरांकडे येऊ. पट्टीतून पैसा मिळू लागला, पण विटांची भिंत पुनःपुन्हा बांधून काय उपयोग? तेव्हा गावातील बांधकाम करणाऱ्यांनी अंडरपिनिंगचा नाद सोडला आणि उलटा विचार केला. तळाशी भक्कम तुळयांची चौकट, तिच्यावर आडवे-तिरपे आधार दिलेला लाकडी सांगाडा, मधल्या चौकटींत हलकी भर. असे घर एखाद्या पेटीसारखे असते. एक कोपरा खाली गेला तर पेटी कलते, फाटत नाही. तळाच्या चौकटीखाली जॅक बसवण्याच्या जागा आधीच राखून ठेवलेल्या असत. घर कलले की जॅक लावायचे, सगळीकडून थोडेथोडे फिरवत घर पातळीत आणायचे, खाली विटा-लाकडाची भर घालायची आणि जॅक काढून घ्यायचे. पाण्याचे नळ आणि गॅसच्या नळ्या तेवढ्या नव्याने जोडाव्या लागत. खचलेले रस्तेही भराव घालून उंच केले जात. जी विटांची घरे उचलता येत नसत त्यांचा तळमजला हळूहळू तळघर होऊन जाई. १८९९ साली वीव्हर नदीवर विजेवर फिरणारे दोन पूल बांधले गेले. त्यांचे अभियंता जे. ए. सेनर यांनी पुलाच्या वजनाचा मोठा भाग पाण्यात तरंगणाऱ्या पिंपावर तोलला, म्हणजे नदीकाठ खचला तरी पूल अडकून पडू नये. हे पूल आजही उभे आहेत.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे की, कायदा आणि बांधकाम यांनी एकमेकांना हात दिला. दुरुस्ती वारंवार लागणार हे दोघांनीही मान्य केले होते. आपल्याकडील सरकारी अंदाजपत्रकांत नव्या बांधकामाला जो मान आहे तो दुरुस्तीला नाही, हे या क्षेत्रात वावरलेल्या कोणालाही सांगायला नको.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. भरपाई-जिल्ह्याची हद्द कागदावर, आणि पाण्याची वाट जमिनीखाली. त्यामुळे हद्दीबाहेर खचलेल्या घराला काही मिळत नसे. चेशायरसाठी स्वतंत्र कायदा १९५२ साली झाला आणि त्यात क्षेत्र बरेच वाढवण्यात आले. त्याच व्यवस्थेत मंडळाला घरमालकाशी एकरकमी तडजोड करून त्या मालमत्तेचा पुढचा हक्क कायमचा संपवण्याचीही मुभा आहे. म्हणून त्या भागात घर घेताना आजही खरेदीदाराचा वकील या मंडळाकडे चौकशी करतो: या घरावर पूर्वी दावा झाला आहे काय, हक्क शिल्लक आहे की विकला गेला? गावाखालच्या चार जुन्या खाणी अखेरीस २००४ ते २००७ या काळात सुमारे तीन कोटी पौंड खर्चून भरण्यात आल्या. भरावात औष्णिक वीज केंद्राची राख, सिमेंट आणि खारे पाणी वापरले. गोडे वापरले असते तर उरलेले खांबही विरघळले असते. ब्रुनर-माँड कंपनी त्याच सुमारास टाटा केमिकल्सने विकत घेतली. चेशायरचे मीठ कलकत्त्याला येण्याचे दिवस कधीच संपले होते. आता कारखानाच भारतीय मालकीचा झाला.

माझ्या नोकरीतील काही वर्षे पूर्व भारतात गेली. रानीगंज कोळसाक्षेत्रातील एका वस्तीत एका घरमालकाने मला भिंतीतील भेग दाखवली होती. भेगेच्या टोकाशी त्याने शिसपेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्या होत्या. भेग जसजशी पुढे सरके तसतशी नवी तारीख. अभियंते भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात, ती तडकली की हालचाल चालू आहे असे समजतात. त्याच्याकडे काच नव्हती, तारखा होत्या. त्याचा प्रश्न सरळ होता: हे कोणाकडे न्यायचे? घराखालची खाण कोणत्या काळातली, कोणाची, तिचा नकाशा आहे की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते.

रानीगंजला कोळसा काढायला १७७४ साली सुरुवात झाली. त्यानंतर दोनशे वर्षे असंख्य लहानमोठ्या मालकांनी खाणी खणल्या आणि सोडून दिल्या. १९७१ ते १९७३ च्या दरम्यान कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा पोकळ वारसा सरकारकडे आला. या इतिहासातही एक पट्टी आहे. बरोज समितीच्या १९३७ च्या अहवालानंतर १९३९ साली जो कायदा झाला त्याने कोळशावर कर बसवून, पोकळ्यांत वाळू भरण्यासाठी, म्हणजे ‘स्टोइंग’साठी निधी उभारला. कल्पना नॉर्थविचच्या जातीची: मालावर पट्टी आणि तिचा निधी. पण हेतू खाणीची व कोळशाची सुरक्षितता हा होता. वरच्या घराचा मालक त्या कायद्याच्या नजरेत नव्हता. ब्रिटनमध्ये १९५७ साली आणि पुन्हा १९९१ साली कायदे होऊन, कोळसा खणल्यामुळे खचलेले घर दुरुस्त करून देणे किंवा भरपाई देणे बंधनकारक झाले. घरमालकाच्या हाती असा दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा आपण केला नाही.

आपण वाट धरली ती स्थलांतराची. माजी खासदार हराधन राय यांनी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली; पुढे ऑगस्ट २००९ मध्ये झरिया आणि रानीगंजसाठी बृहत्-आराखडा मंजूर झाला. एकूण खर्च ९,७७३.८४ कोटी रुपये, पैकी रानीगंजचा वाटा २,६६१.७३ कोटी. त्याची मुदत २०२१ मध्ये संपली तेव्हा काम बरेच बाकी होते. झरियासाठी ५,९४०.४७ कोटींचा सुधारित आराखडा जून २०२५ मध्ये मंजूर झाला. जेथे जमिनीखाली आग आहे तेथे घर उचलून पातळीत आणण्याची भाषा करणे मूर्खपणाचे ठरेल, हे मला कळते; तेथे माणसे हलवलीच पाहिजेत. पण जी घरे अजून फक्त कलली आहेत, ज्यांना तारखा लिहिण्याइतका वेळ मिळतो आहे, त्यांच्यासाठी आराखडा आणि काहीच नाही यांच्या मध्ये दुसरी पायरी नाही.

मुंबईचे उदाहरण येथे आठवते. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आणले, तेव्हा १९,६४२ इमारती त्याखाली आल्या. हीसुद्धा पट्टी, हाही निधी. फरक असा की ती भरली मालकाने आणि रहिवाशाने, आणि इमारती मोडकळीला येण्याचे एक मोठे कारण, म्हणजे गोठवलेले भाडे, हे सरकारचेच धोरण होते. नॉर्थविचमध्ये ज्याने पोकळी केली त्याने पैसे दिले. मुंबईत ज्याच्या डोक्यावर छत कोसळणार होते त्याने दिले. तुलना येथेच थांबवतो, कारण मुंबईच्या भाडेकायद्यावर लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल.

आता राजधानीकडे. दिल्लीत विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात जमीन खचते आहे, असे उपग्रहाच्या रडार-नोंदींवर आधारलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. २०१४ ते २०१६ या काळात तिचा वेग वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटर होता, पुढील दोन वर्षांत तो १७ च्या घरात गेला. कारण भूजलाचा उपसा. येथे मीठ विरघळत नाही. पाणी निघून गेले की मातीचे चिकण थर आवळतात आणि दाबले जातात. परंतु कायद्याचा पेच नॉर्थविचचाच. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या सातव्या कलमाखाली दिलेली उदाहरणे वाचावीत. त्यांतील एकात शेजारच्या आणि खालच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. आणखी एक उदाहरण सोडून पुढे, आपल्या जमिनीखालील, ठरावीक प्रवाह नसलेले पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क आहे. म्हणजे हम्फ्रीजचा निकाल आणि भूजलाचा तो जुना नियम एकाच पानावर शेजारीशेजारी बसले आहेत. शेजाऱ्याने माती खणली तर दावा. विंधनविहीर खणली तर काही नाही.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, काही अपवाद वगळता, व्यावसायिक उपशावर घनमीटरमागे आकार बसतो. ३ पेन्सची पट्टी आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांनी आली, असे गमतीने म्हणता येईल. पण तिच्यात तडकलेल्या भिंतीसाठी रकाना नाही. तो घालायचा झाला तर कापसहेड्यात भरपाई-क्षेत्र आखावे लागेल, त्याची हद्द उपग्रहाच्या नकाशावरून ठरवता येईल. चेशायरच्या मंडळाजवळ असा नकाशा नव्हता. उपसा मोजावा लागेल, आणि मला वाटते खरी अडचण तेथे येईल, कारण ज्या विंधनविहिरींची नोंदच नाही त्यांच्याकडून पट्टी कशी घेणार? नॉर्थविचमध्ये पंप मोठे, थोडे आणि धुराड्यांखाली होते. लपवता येण्याजोगे नव्हते.

त्याच अभ्यासात द्वारकेचीही नोंद आहे. तेथे २०१४ ते २०१६ मध्ये जमीन वर्षाला साडेतीन सेंटिमीटर खचत होती. उपशावर निर्बंध आले, पावसाचे पाणी मुरवण्याची सक्ती झाली, खचणे मंदावले, आणि २०१८-१९ मध्ये जमीन उलट वर येऊ लागली, वर्षाला सुमारे १.२ सेंटिमीटर. जमीन वर आल्याने भिंतीतली भेग मिटत नाही. उचलले जातानाही घराचे कोपरे कमीजास्त वर येतात, तेव्हा कधी कधी नवी भेग पडते. ती भरण्याचा खर्च द्वारकेत आणि कापसहेड्यात सारखाच ज्याचा त्याने करायचा आहे.